सव्वाचार इंच नैरोबी

परवा आमच्या ऑफिसात वाद चालला होता. साहेबांचे कोणी पाहुणे आफ्रिकेला निघालेत, तर मुंबईहून नैरोबीला विमानाला किती वेळ लागतो आणि अंतर तरी किती, यावरून. एकजण म्हणाला दोन दिवस. दुसरा म्हणाला छे, रात्री बसायचं आणि डोळे उघडले की खाली जिराफ. मी टाइप करत होते. मान वर न करता एक हात उचलला, अंगठा आणि पहिलं बोट ताणलं आणि म्हटलं, "एवढं."

सगळे हसायला लागले. मला वाटलं होतं, हे माप सगळ्या जगाला माहीत आहे. आमच्या वसईजवळच्या सांडोरात तरी शेंबड्या पोराला माहीत होतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून हे टाइपरायटरवर बडवायला बसलेय. साहेब तासाभराने येतील, तेवढ्यात इनासकाका कागदावर उतरले पाहिजेत. माझी बोटं पळतात आणि डोकं त्यांच्याही पुढे पळतं, तेव्हा मधेच गाडी वळली तर सांभाळून घ्या.

इनासकाका म्हणजे इनास टेलर. आमच्या केळीच्या वाडीला लागून त्यांचं घर, आणि घराच्या ओट्यावर त्यांचं दुकान. आम्ही हिंदू, ते ख्रिस्ती, पण विहीर दोघांत एकच होती आणि भांडणंही एकमेकांच्या घरातली पाठ होती. बुटके, गळ्यात कायम टेप, इतकी कायम की रविवारी चर्चला जातानासुद्धा कोटाच्या कॉलरखाली ती असायची. फिलूमावशी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "याला पुरताना पन टेप काढू नका, वरती जाऊन देवदूतांची मापं घेनार आहे."

तेव्हा वसईतली किती पोरं बाहेर चालली होती. कुणी आबादानला तेलाच्या कारखान्यात, कुणी बहारीनला, कुणी नैरोबीला रेल्वेत, एखादा लंडनला. आणि जाणारा प्रत्येक जण आधी इनासकाकांच्या ओट्यावर यायचा, कारण परदेशी जायचं तर सूट पाहिजे. काका आधी विचारायचे, "कुठं?" मग कापडाला हात. लंडनला आतून जाड अस्तर. आबादानला अस्तर बिलकुल नाही. नैरोबीला अर्धं अस्तर, कारण "तिकडं सकाळी थंडी, दुपारी ऊन, असं अर्धंअर्धं हाय." स्वतः ते मुंबईच्या पुढे कधी गेलेले नव्हते, पण बोलायचे असे, जसं काही कालच परत आलेत.

आणि त्यांच्याकडे पृथ्वीचा गोल होता. कुणीतरी म्हातारे परदेशी फादर मायदेशी जाताना झग्याच्या शिलाईच्या बदल्यात देऊन गेले होते. तो गोल शिवणयंत्र आणि इस्त्री यांच्या मधे असायचा. एकदा कोळशाची इस्त्री त्याला टेकली आणि ऑस्ट्रेलिया जळाला. त्यानंतर आमच्याकडून कुणी ऑस्ट्रेलियाला निघालं की काका मान हलवायचे. "तिकडचं काय सांगू नाय शकत. तिकडं काळं झालंय सगळं."

तर पद्धत अशी. सूटाचं माप घेऊन झालं की काका टेप गोलावर टाकायचे. एक टोक मुंबईवर, दुसरं त्या पोराच्या गावावर. आबादान अडीच इंच. नैरोबी सव्वाचार. लंडन पावणेसात. टेप गोलाला घट्ट चिकटवून, जशी कमरेला धरतात तशी. मग तेवढं अंतर अंगठा आणि बोटात पकडायचं, टेप सोडून द्यायची आणि ती दोन बोटं पोराच्या आईसमोर धरायची. "एवढंच."

बायका रडत यायच्या आणि त्या दोन बोटांकडे बघत बसायच्या. बऱ्याच जणी गप्प व्हायच्या खरंच. पण सगळ्याच नाही. पाचूबंदरची एक कोळीण होती, तिचा मुलगा आबादानला निघाला होता. टोपली खाली ठेवून तिने विचारलं, "किती लांब हाय रं?"

काकांनी अडीच इंच दाखवले. "एवढंच."

तिने ती बोटं नीट पाहिली. मग म्हणाली, "एवढंच ना? मंग त्याला सांग, दुपारचा जेवाया घरी येत जा."

अख्खा ओटा हसला. काका पण हसले, पण कान लाल झाले. तेव्हापासून सांडोरात कुणी लांब जाणाऱ्याला निरोप देताना म्हणायचं, "जेवायला येत जा बरं का." मी सुद्धा मुंबईत नोकरीला लागले तेव्हा आमच्या आईने हेच म्हटलं. अर्थात मी रोज रात्री जेवायला घरीच असते, तो भाग वेगळा.

या टोमण्यानंतर काकांनी इंचांवर समाधान मानायचं सोडलं. त्यांना वेळ पाहिजे झाला. त्या सुमारास आमच्याकडचा पहिला माणूस नैरोबीहून विमानाने आला, एक फिटर. त्याला काकांनी ओट्यावर बसवून असं उलटसुलट विचारलं की कोर्टात वकील विचारणार नाही. किती वाजता सुटलं, मधे कुठे थांबलं, किती वेळा चहा दिला, तो चहा कुठल्या गावचा होता. मग तासांना इंचांनी भागलं आणि जाहीर केलं, "इंचाला तीन तास. मधला चहा धरून."

झालं. आता आमच्या गावात विमानाचं वेळापत्रक होतं. नैरोबी म्हणजे पावणेतेरा तास. लंडन म्हणजे वीसच्या वर थोडं. "तू इकडून बैलगाडी घेऊन कामणला जातोस ना," ते आमच्या बाबांना सांगायचे, "तेवढ्यात विमान कराची ओलांडून पुढं." बाबा म्हणायचे, "पण कराचीत माझं काम काय?" काका तोवर टेप घेऊन लंडनकडे सरकलेले असायचे.

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून दहादा यायचं. "माप बरोबर असलं की माणूस बसतो." म्हणजे कोटात बसतो. पण ते सगळ्याच बाबतीत म्हणायचे. लग्न, नोकरी, पंचायतीची निवडणूक. माप बरोबर असलं की बसतो. आणि दुसरी गोष्ट, शिवताना ते शिवणीच्या आत नेहमी दोन बोटं कापड सोडायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "एवढं कशाला वाया घालवता?" ते म्हणायचे, "तू काय आयुष्यभर असाच राहनार? सुकशील नायतर फुगशील." त्यांचा कोट वीस वर्षं चालायचा तो त्या आतल्या दोन बोटांमुळे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रोझी. काकांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं बस्त्यावशी ठरलेलं होतं. बस्त्याव नैरोबीला रेल्वेच्या वर्कशॉपात. साखरपुडा करून गेला तो चार वर्षं आला नाही, कारण सुट्टीच मिळत नव्हती. रोझी केळीच्या पानांचे बिंडे बांधताना दर वर्षी आणखी बारीक होत होती. बोलायची काही नाही. एकदा मला म्हणाली, "शालू, त्याचा चेहरा आता मला फोटोतलाच आठवतो. हलताना आठवत नाय."

शेवटी सुट्टी मिळाली. पण कशी, तर थोडीशी, आणि ती पण बरोबर राखेच्या बुधवाराच्या तोंडावर. राखेचा बुधवार आला की ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपवासाचे. त्यात ख्रिस्ती घरात मांडव नाही, बाजा नाही, मटण नाही, म्हणजे लग्न नाही. आणि ईस्टरपर्यंत बस्त्यावची सुट्टी टिकत नव्हती. लग्न बुधवारच्या आत झालं तर झालं. नाहीतर परत चार वर्षं, आणि चार वर्षांनी कोण कुठे असेल कुणी सांगावं.

बस्त्यावचे मामा पेद्रूबाब जन्मभर बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होते. ते येऊन ओट्यावर बसले. "बोटीनं येऊ दे पोराला."

"बोटीनं आला तर दहाबारा दिवस समुद्रात," काका म्हणाले. "इकडं पोचेल तवा आपन कपाळाला राख लावून बसलेले असू. परत जायला तेवढेच. नवरीचं तोंड तरी बघनार कधी?"

"बोट उशिरा येते इनास, पन अख्खी येते."

"विमान काय तुकड्यातुकड्यानं येतं?"

"मी आपला सांगतो. घाईची गोष्ट घाईनंच मोडते."

काकांनी उत्तर म्हणून गोल ओढला, टेप टाकली, बोटं ताणली. "सव्वाचार इंच. पावनेतेरा तास. शुक्रवारी संध्याकाळी बसला तर शनिवारी आपल्याकडं. सोमवारी लग्न. मंगळवारी उरलेलं मटन खाऊन संपवायचं. बुधवारी राख. माप बरोबर असलं की माणूस बसतो."

आणि तार गेली. तारेत काय लिहायचं ते मीच इंग्रजीत करून दिलं होतं, कारण मी तेव्हा नुकतीच टायपिंगची परीक्षा पास झालेली, आणि गावात माझा रुबाब होता. विमानाने ये, शनिवारी पोच, लग्न सोमवारी. बस.

तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारली गेली. मांडव पडला. दोन डुकरं आली, ती आमच्या वाडीच्या कुंपणाला लागून बांधली आणि आमच्या आजोबांनी दोन दिवस तिकडचं दार लावून घेतलं. बाजावाल्यांना विडा देऊन ठरवलं. त्यांचे लाल कोट काकांनीच शिवलेले होते, ते पुन्हा इस्त्रीला आले. नवऱ्यासाठी काकांनी राखाडी कापडाचा सूट शिवला, चार वर्षांपूर्वी बस्त्याव जाताना घेतलेल्या मापावर. त्याच ताग्यातून स्वतःसाठी पण एक कोट. "सासराजावई एका रंगात," म्हणाले. रोझीची लाल साडी आली. आणि रोझी हसायला लागली, म्हणजे कारण नसताना, बादली भरताना वगैरे.

शनिवारी सांताक्रूझला काका, पेद्रूबाब आणि मी. मला नेलं कारण तिथे इंग्रजी लागेल.

विमान आलं. सांगते ना, अगदी वेळेवर आलं. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग पेद्रूबाबकडे असं पाहिलं, असं पाहिलं की तो मनुष्य टोपी नीट करायला लागला. माणसं उतरली. गोरे, गुजराती, एक शीख कुटुंब. बस्त्याव नाही.

मग एका शिपायाने आम्हाला आतल्या बाजूच्या दवाखान्याकडे नेलं. डॉक्टर तरुण होता आणि चांगला होता, हे मी मुद्दाम सांगते, कारण गावात नंतर त्याला फार शिव्या पडल्या. आफ्रिकेतून येणाऱ्याला पिवळ्या तापाची सुई टोचून घ्यावी लागते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. बस्त्यावने टोचली होती. कागदही होता. पण टोचल्यापासून दहा दिवस जाईपर्यंत तो कागद लागू होत नाही. ते दहा दिवस मंगळवारी भरणार, आणि तोपर्यंत बस्त्याव जाळीच्या खोलीत. बुधवारी सकाळी सोडणार.

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा काकांना ते कळलंच नाही. "बोटीनं येतात त्यांना कोन अडवत नाय. सगळे बोटीत चढायच्या आदल्या दिवशी सुई घेतात. मी पन्नास पोरं पाठवली, पन्नास परत आली."

डॉक्टर म्हणाला, "बोटीत त्यांचे दहा दिवस समुद्रावरच जातात. उतरतात तेव्हा कागद लागू झालेला असतो."

"आणि हा?"

"हा फार लवकर आला." डॉक्टरला स्वतःलाच ते चमत्कारिक वाटलं असणार, कारण तो जरा थांबला. "तुमचा हिशोब चुकला नाही. तुमचा जावई जरा सावकाश आला असता, तर आता सरळ घरी गेला असता."

बोलायचा हक्क पेद्रूबाबना होता, पण त्यांनी टोपी काढून हातात धरली.

मग आम्हाला बस्त्यावला बघू दिलं. खोलीला सगळीकडून डासांची बारीक जाळी, आत खाट, आणि जाळीच्या पलीकडे बस्त्याव उभा. काका पुढे गेले. मला वाटलं आता रडतील किंवा ओरडतील. ते जाळीला नाक लावून बघत राहिले, वरून खाली, आणि म्हणाले, "हे पोट कुठून आनलंस?"

"तिकडं खानं चांगलं हाय मामा," बस्त्याव होणाऱ्या सासऱ्याला म्हणाला. बिचारा आधीच रडकुंडीला आलेला.

"चार वर्षांत एवढं? सूट शिवून झाला ना."

"मला काय माहीत..."

"मागं वळ. हात वर कर. अरे देवा." काकांनी गळ्यातली टेप काढली आणि शिपायाला म्हणाले, आत दे. शिपाई म्हणाला, इथे आत गेलेली वस्तू माणसाबरोबरच बाहेर येते. काकांनी एक क्षण विचार केला आणि टेप देऊन टाकली. बस्त्याव स्वतःच्या पोटाभोवती टेप गुंडाळून आकडा ओरडला. "खोटं बोलू नको," काका म्हणाले, "श्वास सोड आणि परत सांग." त्याने श्वास सोडला आणि परत सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही, तो अजून जिवंत आहे.

परत येताना पेद्रूबाब एवढंच म्हणाले, "आज तुझी टेप पन क्वारंटीनमधे हाय इनास." काकांनी मानेला हात लावला. मान उघडी होती. मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते मला कुणीतरी वेगळेच गृहस्थ वाटले.

रोझीला सांगायचं काम फिलूमावशीवर आलं. रोझी ओट्यावर बसलेली होती, हाताला मेंदीसारखा केळीचा चीक. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो आलाय ना पन? इथं हाय ना, सांताक्रूझला?"

"हाय," मावशी म्हणाली.

"मग रडता कशाला सगळे?"

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर सगळे फादरांकडे गेले. फादर म्हणाले, उपवासाच्या दिवसांत समारंभ होत नाही, पण नुसतं लग्न लावायला बिशपसाहेबांची परवानगी मागता येते. मिळेल असं वाटतं. मात्र बाजा नाही, फुलं नाही, जेवणावळ नाही. साध्या कपड्यात सकाळच्या मिस्सेला यायचं, लग्न लावायचं आणि घरी जायचं. काका खाली बघत होते. ज्या माणसाने आख्ख्या वसईच्या वराती सजवल्या त्याच्या पोरीचं लग्न असं चोरासारखं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात रोझी म्हणाली, "बाजा काय मला नैरोबीला न्यायचा नाय. नवरा न्यायचाय."

राहता राहिली डुकरं. बुधवारपासून मटण चालणार नाही, आणि पाहुण्यांना सोमवारचं आमंत्रण गेलेलं, काही विरारहून, अर्नाळ्याहून निघालेसुद्धा. तेव्हा ठरलं की जेवण सोमवारी. लग्न नंतर. आमच्याकडे आजपर्यंत असं झालेलं नाही, लग्नाआधी लग्नाचं जेवण, आणि नवरा जाळीत. मांडवाखाली पंगती बसल्या. बाजा वाजला. नवरानवरीच्या जागी दोन खुर्च्या, एकीवर रोझी आणि दुसरीच्या पाठीवर बस्त्यावचा राखाडी कोट टांगलेला. आधी लोक खालच्या आवाजात बोलत होते, जसं मयताला. मग पाचूबंदरची ती कोळीण, तिला पण आमंत्रण होतं, ती रोझीसमोर उभी राहिली, कोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "नवरा बरा हाय गो तुझा. बोलत नाय, खात नाय. असाच ठेव." रोझी जी हसायला लागली ती थांबेना, आणि मग सगळा मांडव सैल झाला.

जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा काका उठले. त्यांना भाषण करायची खोड होतीच, लोकांनी माना खाली घातल्या. ते म्हणाले, "माझं माप चुकलं नाय. पोरगा बोललो तवा आला. पन मी कोट शिवतो तवा आत दोन बोटं कापड सोडतो. माणूस फुगतो, सुकतो, काय सांगावं. आनि माझ्या पोरीच्या लग्नाला मी एक बोट सोडलं नाय. शुक्रवार, शनिवार, सोमवार, सगळं अंगाला चिकटून कापलं." मग पेद्रूबाबकडे बघून म्हणाले, "बोट अख्खी येते हे खरं हाय." आणि बसले. पेद्रूबाबनी स्वतःच्या ताटातला मोठा तुकडा उचलून त्यांच्या ताटात टाकला. तेवढंच.

मंगळवारी गाव उरलेलं मटण संपवत होतं आणि काका ओट्यावर सूट उसवत होते. आतली दोन बोटं सगळी बाहेर काढली तरी पुरेना. तेव्हा ते आत गेले, स्वतःचा नवा राखाडी कोट आणला आणि पाठीतून सरळ कात्री चालवली. मावशी ओरडली, "अरे, तू लग्नात काय घालनार?"

"बाप काय घालतो ते कोन बघतं?" ते म्हणाले.

बुधवारी बस्त्याव घरी आला तेव्हा गळ्यात टेप घालूनच आला. फादरांनी त्याच सकाळी सगळ्यांच्या कपाळावर राख लावली होती, तशा कपाळाने रोझी दारात आली. मी विहिरीवर होते, मला सगळं दिसत होतं. दोघं नुसती उभी राहिली. मग बस्त्यावने काय करावं हे न सुचून टेप काढून तिच्याच हातात दिली. आणि ती म्हणाली, "हलतोस की."

परवानगी आली. लग्न पुढच्या आठवड्यात, सकाळच्या मिस्सेला. चर्चमध्ये एक फूल नव्हतं. बस्त्याव सूटात असा बसला की कुठे जोड आहे ते शोधून सापडू नये. काका कोटाशिवाय, नुसत्या सदऱ्यात, गळ्यात टेप. आणि बाहेर आलो तर चर्चच्या समोर आमचे बाजावाले, सगळेच्या सगळे, लाल कोट घालून दोन रांगांत उभे. वाद्यं आणलेली नव्हती, हात मोकळे. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "विडा घेतलाय इनास. वाजवायचं नाय तर नाय, उभं तर राहू." त्या दोन रांगांमधून रोझी आणि बस्त्याव चालत गेले. मी अनेक वराती पाहिल्यात, पण त्या वरातीइतकी एकही माझ्या कानांत राहिलेली नाही.

पंधरवड्यात दोघं विमानाने गेली. आम्ही सांताक्रूझच्या कठड्यापाशी उभे होतो. फिलूमावशी काकांना म्हणाली, "किती लांब रे ते, रोझीच्या बापा?" तिला माहीत होतं. पन्नास वेळा तिने ओट्यावर ऐकलेलं. तिला फक्त ती दोन बोटं पाहिजे होती. काकांचा हात खिशात होता. तो वर आला नाही. ते म्हणाले, "बरंच लांब हाय."

त्यानंतरही दुकान चाललं, सूट निघाले, गोलावर टेप पडत राहिली. फक्त दोन गोष्टी बदलल्या. नैरोबीच्या प्रत्येक कोटाला आतून एक जादा खिसा यायला लागला, सुईच्या कागदासाठी. जाणाऱ्या पोराला पहिला प्रश्न आता "कुठं?" नव्हता. "सुई कधी घेतलीस?" असा होता. आणि दुसरं म्हणजे आयांना ते इंच सांगायचे, पण बोटं दाखवायचे नाहीत.

गेल्या वर्षी रोझीला मुलगा झाला. तिने लिहिलं, बाबा, या. काकांनी तिकीट काढायच्या महिनाभर आधी जायची सगळी टोचणी करून घेतली आणि तो कागद गावभर दाखवत फिरले, जसं मॅट्रिकचं सर्टिफिकेट. तिकीट एकाचंच काढलं होतं, मावशी पुढच्या खेपेला जाणार. आम्ही दोघी सोडायला गेलो. स्वतःच्या नव्या कोटात ते फार छोटे दिसत होते. छातीपाशी तो आतला खिसा फुगलेला, गळ्यात टेप. मैदानावरून चालत ते विमानाकडे गेले, शिडी चढले, आणि वरच्या पायरीवर एकदम थांबले. मागचा माणूस त्यांच्यावर आपटला. काका आमच्याकडे वळले, उजवा हात उंच केला आणि अंगठा आणि बोट ताणून धरलं.

ते अजून परत आलेले नाहीत. तिकडच्या लोकांचे कोट फार वाईट शिवलेले असतात, असं त्यांनी कळवलंय, आणि ते सगळे उसवल्याशिवाय त्यांचा पाय निघणार नाही. म्हणून मी त्यांना पाहिलं ते त्या शिडीवर, शेवटचं.

मावशीला लांबचं नीट दिसत नाही. तिने मला कोपराने ढोसलं. "काय करतोय तो? काय म्हनतोय?"

"एवढंच आहे म्हणतायत," मी सांगितलं.

मावशीने पदर नीट केला आणि विमानाकडे बघत राहिली.

"मग ओरडून सांग त्याला," ती म्हणाली, "दुपारचा जेवायला येत जा."